चिकूच्या रक्तपेशी फुटताहेत, उपचार करायचे का?

वाचकाचं पत्र: आमची चिकू सहा वर्षांची कॉकर स्पॅनियल, वजन 11 किलो. चार दिवसांपूर्वी तिने खाणं सोडलं, मग लघवी लालसर झाली, हिरड्या पांढऱ्या पडल्या. रिपोर्टमध्ये पीसीव्ही 13, हिमोग्लोबिन 4.3, बिलिरुबिन 3.2, प्लेटलेट्स 1 लाख 60 हजार. स्लाइडवर गोचीडतापाचा जंतू दिसला नाही. डॉक्टर म्हणतात, तिचं शरीरच तिच्या रक्तपेशी मारतंय, स्टेरॉइड द्यावं लागेल, रक्तही चढवावं लागेल, खर्च बराच आहे आणि खात्री देता येत नाही. दीर म्हणतात, मुक्या जिवाचे हाल नको, इंजेक्शन देऊन मोकळं करा. सासूबाई गुळवेलीचा काढा द्या म्हणतात. लेक बाळंतपणाला आली आहे, तिची वेगळीच काळजी. आम्ही काय करावं?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

ताई, चिकूवर अजून उपचार सुरू झाले नसतील तर हे वाचणं इथेच थांबवा आणि आधी तिला दवाखान्यात न्या. पीसीव्ही म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के, तो आकडा. निरोगी कुत्र्याचा पीसीव्ही साधारण 37 ते 55 असतो. 13 वर आलेला कुत्रा एका रात्रीत 9 वर जाऊ शकतो.

आमचं मत विचाराल तर उपचार सुरू करावेत. मात्र पुढचे सहा-आठ महिने निभावेल का, याचं उत्तर तुम्हाला आज द्यायचं नाही. हा निर्णय टप्प्याटप्प्याने घ्यायचा असतो. पहिला टप्पा पाच ते सात दिवसांचा, दुसरा दोन आठवड्यांपर्यंतचा, आणि त्यानंतर गोळ्या हळूहळू कमी करण्याचा लांबलचक काळ. या आजारात मृत्यूचं प्रमाण 30 पासून 70 टक्क्यांपर्यंत, असं फार वेगवेगळं नोंदवलं गेलं आहे, आणि त्यातले बरेचसे मृत्यू पहिल्या दोन आठवड्यांतच होतात. तेवढे दिवस निघाले की चित्र पुष्कळ बदलतं. तुमच्या रिपोर्टमध्ये आशा धरण्यासारखंही काही आहे. बिलिरुबिन 5 च्या वर गेलेलं नाही आणि प्लेटलेट्स थोड्या कमी असल्या तरी कोसळलेल्या नाहीत. रक्तातल्या युरियाचा आकडा तुम्ही लिहिलेला नाही. तो डॉक्टरांना विचारा, कारण तो चढलेला असेल तर धोका वाढतो.

पण स्टेरॉइडच्या आधी एका गोष्टीची सोय करून ठेवायला हवी, आणि आपल्याकडे नेमकी तीच घाईत राहून जाते. या आजाराचं नाव इम्यून मीडिएटेड हिमोलिटिक ॲनिमिया. कधी तो आपसूक होतो आणि कॉकर स्पॅनियलमध्ये जरा जास्तच दिसतो. कधी मात्र त्याच्यामागे दुसरं कारण दडलेलं असतं, आणि आपल्या भागात त्यात पहिला संशय गोचिडांवर, म्हणजे बॅबेसिया गिब्सोनी या जंतूवर घ्यायचा. हा जंतू लाल पेशीच्या आत बसतो आणि इतका बारीक असतो की संख्या कमी असली तर स्लाइडवर सापडत नाही. त्यामुळे ‘स्लाइड निगेटिव्ह’ म्हणजे ‘बॅबेसिया नाही’ असं धरून चालता येत नाही. त्यासाठी पीसीआर तपासणी करावी लागते. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत औषधं सुरू होण्याआधीचं रक्त काढून ठेवायला सांगा. नमुना बाहेरगावी पाठवावा लागला तरी हरकत नाही. रिपोर्ट यायला दोन-चार दिवस लागतात, आणि तेवढा वेळ चिकूच्या हातात नाही. म्हणून स्टेरॉइड लगेच सुरू करतात आणि एर्लिकिया या दुसऱ्या गोचीडजन्य जंतूसाठी डॉक्सीसायक्लिन सोबत देतात. पीसीआर पॉझिटिव्ह आला तर दिशा बदलते. बॅबेसिया गिब्सोनीवर ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन ही जोडी दहा दिवस देतात. ॲटोव्हाक्वोन महाग आहे आणि ते स्निग्ध खाण्यासोबत दिलं तरच अंगी लागतं. मोठ्या जातीच्या बॅबेसियाला जे इमिडोकार्बचं इंजेक्शन लागू पडतं, ते याच्यावर चालत नाही. तेव्हा ‘एक इंजेक्शन मारून बघू, उतरलं तर बॅबेसिया’ या वाटेला जाऊ नका. त्यातून निदान होत नाही आणि दिवस तेवढे वाया जातात.

निदानाच्या बाकीच्या पायऱ्या स्वस्त आहेत आणि तुमच्यासमोर होऊ शकतात. काचेच्या पट्टीवर रक्ताचा एक थेंब आणि सलाइनचे चार थेंब मिसळून पट्टी हलवतात. पेशी एकमेकींना चिकटत असतील तर पातळ लाल पाण्यात रव्यासारखे दाणे उठतात आणि हलवूनही विरघळत नाहीत. मग सूक्ष्मदर्शकाखाली ते खरोखर गुठळे आहेत की नाण्यांच्या चळतीसारख्या नुसत्या रांगा, हे बघून घेतात. त्याच वेळी स्फेरोसाइट्स, म्हणजे मधला फिका भाग नाहीसा झालेल्या लहान, गच्च गोल पेशी शोधतात. दाणे उठले नाहीत तर पेशींना चिकटलेली प्रतिद्रव्यं शोधणाऱ्या कूम्ब्स टेस्टचा उपयोग होतो. आणखी एक. पीसीव्ही बारीक काचनळीत रक्त फिरवून मोजलेला असावा. पेशी चिकटत असल्या की मशीनचे आकडे चुकतात, आणि माणसांसाठी लावलेली मशीन कुत्र्याच्या पेशी नीट मोजेलच असं नाही. फिरवलेल्या नळीत वरचं पाणी पिवळं दिसतंय की लाल, हेही डॉक्टर तिथल्या तिथे दाखवू शकतात. लाल असेल तर पेशी रक्तवाहिन्यांतच फुटताहेत.

आता रक्ताबद्दल. रक्त चढवल्याने आजार बरा होत नाही. औषधांचा परिणाम दिसू लागायला काही दिवस जातात, तोवर चिकूला तगवायचं, एवढ्यासाठी ते द्यायचं. पीसीव्ही 15 च्या खाली आणि सोबत धाप, छातीची धडधड, उभं न राहवणं ही लक्षणं असतील तर थांबू नये. हिशेब असा करतात: किलोमागे 2 मिली पूर्ण रक्त दिलं की पीसीव्ही साधारण 1 ने वाढतो. चिकूला 13 वरून 20 वर आणायचं तर 7 गुणिले 22, म्हणजे 154 मिली. तिचं शरीर आलेल्या पेशीही फोडणार, म्हणून प्रत्यक्षात वाढ कमी दिसेल आणि ती तीन-चार दिवसांत ओसरेलही. पुन्हा रक्त लागलं तर उपचार फसले असं समजू नका.

रक्त देणारा कुत्रा ही इंदूरसारख्या शहरातली खरी अडचण. तो 25 किलोच्या वरचा, एक ते आठ वर्षांमधला, स्वभावाने शांत, लसीकरण पूर्ण झालेला आणि याआधी स्वतः कधी रक्त न घेतलेला असावा. त्याचा पीसीव्ही 40 च्या वर हवा आणि गोचीडतापाची तपासणी झालेली हवी, कारण बॅबेसिया रक्तातून सरळ जातो. सोसायटीतला तगडा लॅब्राडोर दिसतो धडधाकट, पण त्याच्या रक्तात जंतू लपलेला असू शकतो. अशा कुत्र्याकडून 350 मिलीची एक पिशवी निघते. माणसाचं रक्त अजिबात चालत नाही. पहिल्यांदा रक्त घेणाऱ्या कुत्र्याला सहसा मोठी रिॲक्शन येत नाही, तरी डीईए 1 हा कुत्र्यांचा रक्तगट तपासता आला तर उत्तम, आणि दुसऱ्या खेपेला क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त जुळतं का याची तपासणी, हवाच. सुरुवातीचा अर्धा तास थेंब अगदी सावकाश ठेवतात आणि तापमान, श्वास, उलटी यांवर लक्ष ठेवतात. पिशवी चार तासांच्या आत संपवायची. दात्याची सोय तुमच्या दवाखान्यात नसेल तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला आधी फोन करा. ते शहरापासून 25 किलोमीटरच्या आसपास आहे. दाता मिळेल का, पीसीआरसाठी नमुना घेतील का आणि रात्री भरती ठेवतील का, हे तिन्ही विचारल्याशिवाय धाप लागलेल्या कुत्रीला गाडीत घालू नका.

औषधांचे आकडे देतोय ते डॉक्टरांशी बोलताना समजावं म्हणून, स्वतः ठरवण्यासाठी नाही. प्रेडनिसोलोन किलोमागे रोज 2 ते 3 मिलिग्रॅम. चिकूसाठी साधारण 20 ते 30 मिलिग्रॅम, म्हणजे 10 च्या दोन ते तीन गोळ्या, खाण्यासोबत. या आजारात मृत्यूचं एक मोठं कारण म्हणजे रक्ताच्या गुठळ्या, त्यातही फुफ्फुसात अडकलेल्या. म्हणून क्लोपिडोग्रेल पहिल्याच दिवसापासून देतात. माणसांची 75 मिलिग्रॅमची गोळी चिकूला चतकोर ते अर्धी पुरते. प्लेटलेट्स फारच खाली, 30 हजारांच्या आत गेल्या तर हे औषध देत नाहीत. चिकूच्या त्या तेवढ्या खाली नाहीत, तेव्हा चिठ्ठीवर क्लोपिडोग्रेल दिसलं नाही तर का नाही, हे स्पष्ट विचारा. पीसीव्ही दिवसात 5 ने घसरत राहिला किंवा आठवड्यानंतरही रक्त लागत असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध जोडतात: ॲझाथायोप्रिन, सायक्लोस्पोरिन किंवा मायकोफेनोलेट. ॲझाथायोप्रिन स्वस्त आहे, पण त्याचा जोर यायला आठवडे लागतात, आणि ते यकृत व अस्थिमज्जेवर येऊ शकतं. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी रक्त आणि लिव्हरची तपासणी चुकवायची नाही.

तुमच्या लेकीसाठी हे महत्त्वाचं आहे. ॲझाथायोप्रिन आणि मायकोफेनोलेटच्या गोळ्यांना गरोदर बाईने हात लावू नये. घरात दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालून गोळी द्यायची. अर्धी करावी लागली तर तेही हातमोजे घालूनच, भुकटी मात्र करायची नाही. चिकूची लघवी-उलटीही तिने काढू नये. बाकी हा आजार संसर्गाचा नाही. चिकूपासून लेकीला किंवा येणाऱ्या बाळाला तो होणार नाही.

गुळवेलीबद्दल सासूबाईंना असं सांगून बघा: गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी देतात, आणि इथे बिघडलेली प्रतिकारशक्तीच चिकूच्या पेशी मारतेय. आपल्याला ती काही महिने दाबून ठेवायची आहे. माणसांमध्ये गुळवेलीने यकृताला सूज आल्याच्याही नोंदी आहेत, आणि चिकूच्या यकृतावर आधीच ताण आहे. तीच गोष्ट लोहाच्या टॉनिकची आणि पपईच्या पानांच्या रसाची. फुटलेल्या पेशींमधलं लोह शरीर परत वापरतं, तिला लोहाची कमतरता नाही. कलेजी शिजवून दोन घास दिली तर बिघडत नाही, पण ती औषध म्हणून नको आणि कच्चं मांस या काळात मुळीच नको. कांदा-लसूण तर घरातल्या प्रत्येकाने कटाक्षाने टाळायचा. कांद्याने कुत्र्याच्या लाल पेशी वेगळ्याच मार्गाने फुटतात. आपल्या घरी सकाळी पोहे असतात, स्टेरॉइडने चिकूची भूक चौपट होणार आणि ती ताटाशी येऊन बसणार. कांदा घातलेल्या पोह्यांचा एक घासही तिच्या तोंडात जाता कामा नये.

घरी आणल्यावर रोज तीन गोष्टी वहीत लिहा. पहिली हिरड्या. ओठ वर करून सुळ्याच्या वरची हिरडी बोटाने दाबायची आणि सोडायची. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हे खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात करा. पिवळ्या दिव्याखाली कावीळ लपते. कॉकरच्या हिरड्यांवर कधीकधी काळे डाग असतात, तसं असेल तर खालची पापणी ओढून आतला रंग बघा. शेजारी पांढरा कागद धरून रोज त्याच जागी फोटो काढला तर फरक नुसत्या आठवणीपेक्षा खात्रीने कळतो. दुसरी लघवी. पांढऱ्या फडक्यावर टिपून रंग बघायचा. तिसरी गोष्ट म्हणजे झोपेतला श्वास. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा, 30 च्या आत हवा. स्टेरॉइडने कुत्री जागेपणी तोंड उघडून धापा टाकतात, ते वेगळं. तोंड मिटून, झोपेत, पोट आत ओढत श्वास चालला असेल आणि पीसीव्ही ठीक असेल तरी लगेच निघा. फुफ्फुसात गुठळी गेल्याचं ते लक्षण असू शकतं. काळी, डांबरासारखी चिकट शी आतड्यातून रक्त जात असल्याचं लक्षण आहे. अशा वेळी पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. आणि माणसांची दुखण्या-तापाची गोळी कधीच नको. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक स्टेरॉइडसोबत गेलं तर पोटात व्रण होऊन आतडं फाटूही शकतं.

आता निर्णयाचा पहिला थांबा. उपचाराच्या पाचव्या ते सातव्या दिवशी डॉक्टरांसमोर बसा आणि तीन प्रश्न विचारा: पीसीव्ही स्वतःच्या बळावर टिकतोय का, बिलिरुबिन उतरतंय का, नव्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट्स, बनताहेत का? नव्या पेशी बाहेर यायला तीन ते पाच दिवस लागतात, म्हणून त्याआधी निराश होण्यात अर्थ नाही. आठवडा उलटूनही त्या दिसत नसतील तर शरीर अस्थिमज्जेतल्या कोवळ्या पेशीही मारत असेल. अशी कुत्रीही सुधारतात, मात्र त्यांना आठवडे लागतात आणि रक्ताच्या पिशव्याही जास्त लागतात.

दीर म्हणतात त्यात माया आहे, ती आम्हाला कळते. पण उपचार न करता आठवडाभर वाट बघणं आणि उपचार करून आठवड्याने थांबणं यात पहिलंच जास्त क्लेशाचं आहे. थांबायची वेळ कधी, हे मात्र आजच घरात सगळ्यांनी बसून बोला आणि कागदावर लिहा. आमच्या मते ती वेळ अशी: दोन-तीन वेळा रक्त देऊन आणि दुसरं औषध जोडूनही पीसीव्ही दर दोन दिवसांनी कोसळतोय, किंवा गुठळी जाऊन प्राणवायूशिवाय श्वास घेता येत नाही, किंवा ती मान वर करून तुमच्याकडे बघतही नाही. पैशांची मर्यादाही त्याच कागदावर लिहा आणि डॉक्टरांना तो आकडा मोकळेपणाने सांगा. प्रेडनिसोलोन आणि क्लोपिडोग्रेल स्वस्त आहेत. पैसा जातो तो भरती, रक्त आणि वारंवारच्या तपासण्यांत, आणि त्यातलं काय पुढे ढकलता येईल हे डॉक्टरच सांगू शकतात. मर्यादा संपली म्हणून भुलीच्या इंजेक्शनने तिला निरोप द्यावा लागला, तर त्यात कुणी कुणाला बोल लावू नये.

ती सुधारली, आणि तसं होण्याची खरोखर शक्यता आहे, तर सगळ्यात जास्त चुका होतात त्या यापुढे. तिसऱ्या आठवड्यात कुत्री उड्या मारायला लागते, पोट सुटलेलं, पाठीचे स्नायू ओसरलेले, दिवसातून दहादा लघवी, रात्रीही उठवते. घरचे कंटाळतात आणि ‘बरी झाली की’ म्हणून गोळी बंद करतात. महिनाभर स्टेरॉइड घेतलेल्या शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं थांबवलेलं असतं. एकदम बंद केलं तर उलट्या होऊन, रक्तदाब पडून ती मरू शकते, आणि आजारही उलटतो. पीसीव्ही 30 च्या वर दोन आठवडे स्थिर राहिला की डोस सुमारे पाव हिश्शाने कमी करतात, आणि पुढची कपात तीन आठवड्यांनी. 20 वरून 15, मग 11-12, मग 7.5, असं उतरत जायचं. प्रत्येक कपातीच्या आधी पीसीव्ही बघायचा आणि कपातीनंतर आठवड्याने पुन्हा. तो घसरलेला दिसला तर पुढची कपात थांबवून डॉक्टरांशी बोला. सगळं धरून चार ते आठ महिने जातात. शंभरातल्या दहा-पंधरा कुत्र्यांना आजार पुन्हा होतो, म्हणून औषधं संपल्यावरही पहिल्या वर्षात मधूनमधून पीसीव्ही तपासून घ्या. बाहेरगावी जाताना गोळ्या आठवडाभर जास्तीच्या सोबत असू द्या, आणि ज्याच्याकडे चिकूला ठेवाल त्याला वहीही द्या.

या काळात सालाबादच्या लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. रेबीजची लस कधीची आहे ते कार्डावर बघा आणि पुढची तारीख त्यांच्याशी बोलून ठरवा, कारण जोरदार स्टेरॉइड चालू असताना लस नीट लागू पडेलच असं नाही. तोवर चिकूला गल्लीतल्या कुत्र्यांत मोकळं सोडू नका. भांडणात झालेल्या चाव्यातूनही बॅबेसिया गिब्सोनी पसरतो. गोचिडांसाठी फ्लुरालानर किंवा ॲफॉक्सोलानरची गोळी वजनानुसार डॉक्टरांकडून घ्या आणि पावसाळाच काय, वर्षभर चुकवू नका. कुत्र्यावरची गोचीड अंडी घालायला खाली उतरते आणि घरात शिरते, म्हणून तिची गादी, दाराची चौकट, भिंतीच्या भेगा आणि गॅलरीतल्या कुंड्यांमागची जागा बघा. फवारणी करायची असेल तर चिकू आणि लेक दोघींनाही दिवसभर दुसरीकडे ठेवून करा.